सुतारकाकांचा खोका

अहो, इकडे या जरा, भिंतीजवळ. मोठ्याने बोलायची सोय नाही. ऐकलंत का, सुतारकाकांच्या वर्कशॉपमध्ये काय टांगलंय ते? आपल्या सगळ्या कात्रपला कळलं आणि तुम्हाला नाही? हां, तुम्ही माहेरी होतात नाही का…

ते पापडांचं भांडण तर तुम्ही जायच्या आधी, तुमच्या समोरच झालं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्चीवर पोह्याचे पापड घातले, संध्याकाळी बघतात तर वर पिवळसर पूड. आजोबा लगेच म्हणाले, "एमआयडीसीचं केमिकल!" त्यांचं काय, दूध नासलं तरी एमआयडीसी. पण वहिनी कसल्या ऐकतात! बोटावर पूड घेतली, हुंगली आणि म्हणाल्या, "एमआयडीसीला सागाचा वास कधीपासून यायला लागला?" आजोबांचा चेहरा असा पडला, की चहाही न घेता घरी गेले.

मग वरात काकांच्या दारात. काका म्हणे, "भुसा जड असतो वहिनी, तो जमिनीवर बसतो. गच्चीवर उडायला त्याला काय पंख आहेत?" बरोबरच होतं हो त्यांचं, पण जुन्या दिवसांचं. रंधा मारायचा तेव्हा कशा लांब लांब ढलप्या पडायच्या, केरसुणीने गोळा केल्या की झालं. आता सगळं मशीनवर. कटर, राऊटर आणि तो सँडर! त्यातून उडतं ते पीठ. डोळ्याला सहज दिसत नाही, लवकर खाली बसत नाही, तासन् तास तरंगतं. आणि एमडीएफ घासायला घेतला तर विचारूच नका.

तळमजल्यावरच्या आजी होत्याच तिथे. त्यांचे यजमान अंबरनाथच्या विमकोत होते ना, त्या स्वीडिश लोकांच्या काड्यापेटीच्या कारखान्यात. त्यामुळे लाकडावर शेवटचा शब्द आजींचा. म्हणाल्या, "भुशाचं सोड रे, तुझ्या बायकोचा खोकला ऐकतोस का?" एकदम शांतता. काकू पदराशी चाळा करत उभ्या. काका काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी मशीन बंद करून नुसते बसून होते म्हणे. दुपारी पत्र्याच्या भोकातून कवडसा येतो ना, त्यात ते पीठ नाचताना रोज बघत आलेत, पण त्या दिवशी प्रथमच नीट बघितलं असावं…

तर काय सांगत होते? हां, काकांचा भाचा. ऐरोलीला आयटीत आहे तो. रविवारी आला, लॅपटॉप उघडला आणि भाषण सुरू. लाकडाची धूळ म्हणे १९९५ पासून कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ती कॅन्सरवाली संस्था आहे ना, तिनेच घातलीय. नाकाचा कॅन्सर. काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. मग काय, यूट्यूब. कॅनडातला तो मथायस वांडेल, आधी ब्लॅकबेरीच्या कंपनीत इंजिनियर होता आणि आता सुतारकाम दाखवतो, त्याचा पंखा-फिल्टरचा प्रयोग. मग कोरोनातला तो अमेरिकन खोका. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी नावाच्या प्रोफेसरने कल्पना मांडली आणि टेक्ससमधल्या जिम रोझेंथल या फिल्टरवाल्याने बनवला. चार बाजूंना चार फिल्टर, वर पंखा, खाली पुठ्ठा, सांध्यांना टेप. संपलं! काका म्हणाले, "एवढंच? हा तर बिनदाराचा कपाटाचा खण." आणि आमच्या नागपूरच्या नीरी संस्थेने २०१८ मध्ये दिल्लीच्या चौकात हवा गाळायची यंत्रं उभी केली होती, ते नाही सांगितलं भाच्याने. ते मीच सांगितलं. ऐकलं कोणी? छे.

पण खरी मजा पुढे आहे. काकांनी घाई केली. स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट फॅन, त्याला एकच फिल्टर. पंखा घोंघावतोय, हवा काही येत नाही, आणि मोटर अशी तापली, की काकूंनी धावत जाऊन बटण बंद केलं. भुशाच्या खोलीत तापलेली मोटर, कल्पना करा! अहो, नाकात बोळा घालून धावायला लावल्यासारखं झालं ते. एका फिल्टरमधून ओढायचं तर जोर लागतो. चार लावले की तीच हवा चौपट जागेतून येते, सावकाश येते, पंख्याला त्रास नाही. चार लावायचे ते शोभेसाठी नव्हे, एवढं काकांना तेव्हा कळलं.

मग फिल्टर आणायला गेले. दुकानात "मर्व्ह तेरा दर्जाचे द्या" म्हटल्यावर दुकानदार नुसता बघत राहिला. इथे त्याला एफ सेव्हन म्हणतात म्हणे. औषधाच्या कंपन्यांत एसीच्या मोठ्या युनिटला लागतात ना, त्यातलेच. काकांना वाटलं, एवढा खर्च करतोच आहोत तर हेपाच घेऊ. तर दुकानदारच म्हणाला, "साहेब, हेपातून हवा ओढायला साधा पंखा पुरायचा नाही." विकायला बसलेला माणूस असं बोलतो, म्हणजे बघा!

आणि काकांची धाकटी, नववीतली. गणितात काय डोकं आहे हो तिला! वर्कशॉप दहा बाय बारा, उंची दहा, म्हणजे १२०० घनफूट. तासाला निदान सहा वेळा सगळी हवा खोक्यातून जायला हवी, म्हणजे मिनिटाला १२० घनफूट. आणि फिल्टर लावले की पंखा कमी ओढणार, म्हणून वरचढ घ्यायचा. हे सगळं तिने प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडलं. भाचा मान हलवत होता. मग त्याने स्वतःच्या हाताने फिल्टर बसवले, टेप मारला, फोटोही काढून घेतला. धाकटी हळूच म्हणते, "दादा, बाण उलटा आहे." प्रत्येक फिल्टरच्या चौकटीवर हवा कुठून कुठे जायची तो बाण छापलेला असतो. तो खोक्याच्या आत वळायला हवा, कारण पंखा आतली हवा वर फेकतो. या इंजिनियरने चारही बाण बाहेर! त्याचा चेहरा… जाऊ दे, पोराचं लग्न जमायचंय अजून.

सांधे तपासायला आजींनी अगरबत्ती सुचवली. जिथे टेप सुटलाय तिथे धूर आत खेचला जातो. काकू ओरडल्या, "भुशात अगरबत्ती?" मग आधी सगळं झाडून, पुसून, पाण्याची बादली शेजारी ठेवून परीक्षा झाली. एका कोपऱ्यात धूर चक्क वळला. तिथे फोमची पट्टी लावली.

जाड भुशाने फिल्टर लवकर भरू नयेत म्हणून बाहेरून सुती कापड गुंडाळलंय, ते झटकलं की झालं. कापड छान आहे असं मी म्हणाले आणि काकूंनी निरखून बघितलं, तर त्यांचीच ओढणी! दिवाळीची! काका एकदम सँडरचा पट्टा बदलायला लागले.

आता खोका वर, छताजवळ टांगलाय, कटरपासून लांब. काम थांबलं तरी तासभर चालू ठेवतात. खरं सांगायचं तर कवडशातला नाच कमी झालाय, गेलेला नाही. कटरच्या तोंडाशी उडतं ते नाकात आधी जातं, खोक्यात नंतर. म्हणून धाकटीने बाबांना मास्क लावायला लावलाच, आणि सँडरला व्हॅक्यूमची नळीही जोडून घेतली. गच्चीवर पूड येत नाही, त्याचं श्रेय माझ्या मते निम्मं त्या नळीचं. पण मान खोक्याला. आजोबा विचारून गेले, "रात्रीचा केमिकलचा वास जाईल का याने?" नाही म्हणे. हा धूळ पकडतो, वास म्हणजे गॅस, त्याला कोळशाचा फिल्टर वेगळा. एमडीएफच्या डिंकाचा वाससुद्धा तसाच राहतो, त्याला खिडकीच हवी. आजोबा पुन्हा चहा न घेता गेले.

आणि कालचं तर ऐकाच. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला एक व्यापारी वॉर्डरोबची ऑर्डर घेऊन आला होता. त्याचं लक्ष वर. "ये क्या है?" काका लाजले, म्हणाले काही नाही, घरगुती. त्याला शेडसाठी चार हवेत! काका "बघू, बघू" करत बसले, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज. फिल्टर, पंखा, मजुरी, सगळा हिशोब तोंडावर. व्यापारी म्हणाला, "भाभी, थोडा कम करो." तर काकू म्हणतात कशा, "कमी होईल, पण ओढण्या चार लागतील, त्या तुमच्याकडून."