दक्षिण साताऱ्याचा इटालियन

आमचे मामा जिनोआला असतात. तरुणपणी बोटीवर खानसामा म्हणून गेले, त्या बंदरात उतरले आणि तिथलेच झाले. फक्त कागदोपत्री व्हायचं राहिलं होतं. युरोपबाहेरच्या माणसाला इटलीचं नागरिकत्व मागायला सलग 10 वर्षांचं वास्तव्य लागतं. मामांचं ते केव्हाच भरलं. भाषेची अट 2018 साली आली. मामा तिथल्या कोळणींशी भावावरून भांडतात, त्यामुळं ती काळजी नव्हती. अडलं जन्मदाखल्यावर.

मामांचा जन्म 1957 चा, वाळवा तालुक्यातला. दाखल्यावर 'जिल्हा दक्षिण सातारा', पासपोर्टवर 'सांगली'. जिनोआच्या कचेरीतल्या बाईंना प्रश्न पडला, की एका माणसाचा जन्म दोन ठिकाणी कसा? मामांचा फोन आला, "दाखल्यावर सातारा आहे ना? मग साताऱ्याला जा. डोकं चालवू नको."

साताऱ्याच्या कचेरीत साहेबांनी दाखला उलटसुलट केला, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "सातारा एकच. दक्षिण-बिक्षिण आम्ही ठेवत नाही."

बाहेर झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या मुद्रांकविक्रेत्यानं मात्र एका दमात उलगडा केला. 1949 मध्ये जुन्या साताऱ्याला संस्थानांचे तुकडे जोडून त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे केले. 1960 मध्ये उत्तरेचा पुन्हा नुसता सातारा झाला, दक्षिणेची सांगली. म्हणजे आमचे आजोबा ओसरीवरून न उठता तीन जिल्हे फिरले. व्हिसा नाही, काही नाही.

मग कंदी पेढे घेऊन सांगलीची एस.टी. धरली. कऱ्हाडला शेजारी बसलेल्या पाहुण्यांना माझ्या मांडीवरची फाईल सोसवेना. सगळं काढून घेतलं.

"धा वर्सं? लई झाली."

मी सांगितलं, की 10 ची 5 करायला जून 2025 मध्ये तिथं सार्वमत झालं. पण निम्मे मतदार यायला हवे होते, आले तीस टक्क्यांच्या आसपास. फिसकटलं.

"गणपूर्ती न्हाई?" पाहुणे कळवळले. "आवो, आमच्या सोसायटीत सभा अर्धा तास तहकूब करत्यात. मग त्याच जागी, हायेत तेवढ्यांत मंजूर. त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई का?"

पेठनाक्याला बस वळली. "इस्लामपूरवाले पुढं या!" कंडक्टर ओरडला. 2025 मध्ये या गावाचं ईश्वरपूर झालंय. म्हणजे इथं जन्मलेल्यांच्या भाच्यांचीही सोय झाली.

सांगलीत हवा तो कागद मिळाला: 'पूर्वीचा दक्षिण सातारा म्हणजेच सध्याचा सांगली.' आता दाखल्यासकट त्याच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, मग इटालियन भाषांतर, मग 250 युरो आणि दोन-तीन वर्षं वाट पाहणं. संध्याकाळी मामांना फोन लावला.

"शाब्बास. आता सांग, शपथ घेतली की इथलं काय जातं?"

"भारताचं नागरिकत्व जातं. ओसीआय कार्ड मिळेल, पण मत देता येणार नाही."

"मत नको. ऊस?"

"वारशाची जमीन राहते. नवी शेतजमीन मात्र परदेशात राहणाऱ्याला आत्ताही विकत घेता येत नाही."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामा हळूच म्हणाले, "तो बांधालगतचा अर्धा एकर निघालाय म्हणत होतास ना? तुझ्या नावावर बयाणा देऊन ठेव. बाकीचं नंतर बघू. मंजुरी आल्यावरही शपथेला सहा महिने मुदत असते."