चमकीला सोन्याचा भाव

2024च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी खात्याने महागाई मोजायची टोपली नव्याने भरली. त्यात एअर फ्रायर आला आणि त्याच्या जोडीने रेकॉर्डही परत आली. 1992 साली ‘आता हे कोण घेतंय’ म्हणून तिला टोपलीबाहेर काढलं होतं. या दोन्ही वस्तू एकाच घरात जातात, असा माझा वहीम आहे: डॉक्टरांनी तेल बंद केलेल्या आणि मुलं पांगलेल्या घरात.

या घरातले आजोबा सध्या आपल्या तारुण्यातल्या ग्लॅम रॉकला पुन्हा भेटताहेत. टी. रेक्सचा ‘इलेक्ट्रिक वॉरियर’, डेव्हिड बोवीचा ‘झिगी स्टारडस्ट’, रॉक्सी म्युझिकचा ‘फॉर युअर प्लेझर’. 180 ग्रॅमची जाडजूड तबकडी, किंमत 25-30 पौंड. फोनवर हेच जवळजवळ फुकट मिळतं, मग हा खटाटोप कशाला? उत्तर ठरलेलं: ‘त्यात ती ऊब नाही हो. हे कसं अस्सल आहे!’

अस्सल? ज्या संगीताने अस्सलपणाचं नाक भरचौकात कापलं, त्याच्याबद्दल?

साठच्या दशकात अस्सलपणाचा ठेका हिप्पींकडे होता. टी. रेक्सचा मार्क बोलनही तेव्हा मांडी घालून साध्या गिटारवर परीकथा गात असे. मग हॅकनीतल्या या लॉरी ड्रायव्हरच्या पोराने इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि 1971च्या मार्चमध्ये तो बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर सॅटिन घालून, डोळ्यांखाली चमकी लावून उभा राहिला. देशभरची शाळकरी पोरं आईच्या ड्रेसिंग टेबलवर धाडी घालू लागली. हाच तो ग्लॅम रॉक.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ग्लॅमवाल्यांनी तेही आणून दाखवलं. रॉक्सी म्युझिकच्या ब्रायन फेरीचे वडील कोळशाच्या खाणीतली तट्टं सांभाळायचे. चिरंजीव डिनर जॅकेट घालून गायला उभे राहिले. बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन हल शहराच्या पालिकेत माळीकाम करून आलेला. 1972च्या सुरुवातीला खाणकामगारांचा संप चालू होता आणि लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत ‘झिगी’ची शेवटची गाणी ध्वनिमुद्रित होत होती. त्याच्या कव्हरवर बोवी परग्रहावरून नुकताच उतरल्यासारखा दिसतो. जागा मात्र रीजंट स्ट्रीटमागची हेडन स्ट्रीट नावाची गल्ली. डोक्यावर फरचे कोट विकणाऱ्याची पाटी, पायाशी पुठ्ठ्याची खोकी. मूळ फोटो कृष्णधवल, रंग मागाहून भरलेले. म्हणजे अंतराळसुद्धा रंगवलेलं!

पुढच्या वर्षी ‘अलादिन सेन’साठी बोवीच्या चेहऱ्यावर तांबडी-निळी वीज काढली आणि कव्हर चारऐवजी सात रंगांत छापलं. मॅनेजरचा हिशेब असा होता म्हणे, की कंपनीचा खर्च इतका वाढवावा की वसुलीसाठी तिला झक मारून जाहिरात करावी लागेल. या मंडळींकडून अस्सलपणा घ्यायचा, म्हणजे बहुरूप्याकडे आधार कार्ड मागायचं.

आता त्या उबेबद्दल. 2022 साली अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी या कंपनीची भानगड बाहेर आली. तिच्या महागड्या रेकॉर्ड शुद्ध ॲनलॉग म्हणून कानसेन डोक्यावर घेऊन नाचत होते आणि त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड वर्षानुवर्षं डिजिटल फायलीवरून बनत होत्या. हे कानसेनांना कळलं कधी? इंजिनिअरांनी तोंडाने कबूल केलं तेव्हा. तोवर ऊब यथास्थित येत होती.

तबकडीची स्वतःची खोडही कुणी सांगत नाही. ती मिनिटाला 33⅓ फेरे घेते, सुई कडेला असो की मध्याजवळ. कडेला सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते. लेबलाजवळ जेमतेम 20. आवाज तेवढाच, कोंबायची जागा निम्म्याहून कमी. त्यामुळे बाजू संपत आली की आवाज फाटू लागतो. ‘झिगी’चं शेवटचं गाणं नेमकं तिथे येतं: सुरुवात कुजबुजीने, शेवटी व्हायोलिनं, ट्रम्पेटं आणि बोवीचा जीव तोडून टाहो. अख्ख्या रेकॉर्डचा कळस, आणि तबकडीचा दम तिथेच संपलेला. 180 ग्रॅम वजनाने यात काडीचा फरक पडत नाही. 1973च्या तेलटंचाईत पीव्हीसी महाग झालं आणि रेकॉर्ड आणखी पातळ निघू लागल्या. पोरांनी त्यावरही पोटभर नाच केला.

ग्लॅमवाले मात्र या गिऱ्हाईकाला तेव्हाच ओळखून होते. ‘फॉर युअर प्लेझर’च्या पहिल्या बाजूच्या शेवटी एका श्रीमंताची गोष्ट आहे. आलिशान घर, हरतऱ्हेच्या वस्तू, आणि प्रेम कुणावर, तर टपालाने मागवलेल्या हवा भरायच्या बाहुलीवर! गाणं हळूहळू विरतं. बाजू बदलायला आपण खुर्चीतून अर्धे उठतो आणि ते खदखदत परत येतं. पन्नास वर्षांपूर्वी रचलेला हा सापळा आजही अचूक लागतो. फरक इतकाच, की आता आलिशान घरात टपालाने येते ती रेकॉर्ड.

आपल्याकडेही या आठवणींवर हक्क सांगणारे निघतात, कारण फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. खरं आहे. त्याच्या ‘क्वीन’ बँडचा 1973चा पहिला अल्बम याच ग्लॅमच्या उतारावरून आला, त्याच ट्रायडंट स्टुडिओत, रिकामे तास मिळतील तसा. पण पाचगणीचा अभिमान वाहणाऱ्या किती जणांनी तो ऐकलाय, हे विचारून कुणाचा दिवस खराब करू नये.

स्मरणरंजनाच्या या बाजारात एक नाव मात्र कुणी काढत नाही. गॅरी ग्लिटर. त्याच्याही रेकॉर्ड तेव्हा धो-धो खपल्या होत्या. 2015 साली लहान मुलींवरच्या अत्याचारांबद्दल त्याला 16 वर्षांची शिक्षा झाली. ‘तो काळच निरागस होता हो’ म्हणणाऱ्यांनी ही तबकडी कपाटाच्या कुठल्या कप्प्यात ठेवली, ते सांगावं.

एवढं बोलून झाल्यावर खरं सांगतो: ग्लॅम रॉक घ्यावा तर रेकॉर्डवरच. कानासाठी नव्हे, डोळ्यांसाठी. ‘फॉर युअर प्लेझर’चं दुहेरी कव्हर उघडून पालथं घाला. एकीकडे चामड्याच्या कपड्यांत अमांडा लिअर आणि तिच्या हातातल्या दोरीला काळा बिबट्या. दुसरीकडे गाडीपाशी शोफर बनून हसणारा फेरी. फोनच्या पडद्यावर त्या बिबट्याचं मांजर होतं आणि शोफरची तर सुट्टीच. ज्या संगीतात वरचा वर्ख हाच आतला माल होता, त्याला बारा इंचांचं कव्हर हवंच.

तेव्हा आजोबा, ऊब सोडा. ‘झकास दिसतं म्हणून घेतलं’ असं चारचौघांत सांगून टाका. ग्लॅमचा धर्म तेवढाच होता. अस्सलपणासाठी घ्यायला निघालेल्या महागड्या केबलचे पैसेही वाचतील. त्यात जांभळ्या सॅटिनचा शर्ट आरामात येतो.