कंट्रोल-पी भाऊ

तालुक्याच्या गावी कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान असतं आणि दुकानात एक भाऊ असतात. मालक गल्ल्यावर, भाऊ कॉम्प्युटरवर. बोटांना टोनरची काजळी, कानावर न चालणारं पेन.

गिऱ्हाईक कागद आपटतं. "तुमचा प्रिंटर बिघडलाय! उजवी बाजू खाल्ली."

प्रिंटरवर आळ आलेला भाऊंना खपत नाही. "तो सांगितलं तेवढंच छापतो," म्हणत ते कंट्रोल-पी दाबतात आणि प्रिव्ह्यू पंचांगासारखा वाचतात. "कागद लेटर लावलाय. अमेरिकेचं माप, २१६ मिलिमीटर रुंद. आपला ए-फोर २१०. त्या सहा मिलिमीटरांत तुमच्या आधारचा शेवटचा आकडा गेला." हे लेटर दर आठवड्याला कोण लावतं, हे गूढच आहे. भाऊंचा संशय मालकाच्या भाच्यावर.

मथळ्यामागचा निळा पट्टा गायब? शाई वाचावी म्हणून ब्राउझर मागचे रंग सोडूनच देतो. 'बॅकग्राउंड ग्राफिक्स'वर टिचकी मारली की पट्टा हजर. शेवटी नुसता साइटचा पत्ता छापलेलं कोरं पान? 'हेडर्स अँड फुटर्स'ची खूण काढायची, स्केल जरा खाली आणायचं. इथवर भाऊ शांत असतात.

त्यांचा तोल जातो तो कुकीजच्या पट्टीपाशी. स्क्रीनला चिकटवलेली ती पट्टी प्रत्येक पानावर उमटते, आणि तीही नेमकी सहीच्या जागेवर. "अहो, छपाईसाठी पानाचं वेगळं रूप लिहायची सोय सीएसएसमध्ये १९९८ पासून आहे! पट्टी लपवायला एक ओळ लागते, एक!" समोरच्या आजोबांना फक्त उत्पन्नाचा दाखला हवा असतो. तेही गंभीरपणे मान हलवतात.

भाऊंचा खरा दोष म्हणजे प्रामाणिकपणा. पानाला पाच रुपये. तीन पानांवर सांडलेला फॉर्म तसाच छापला तर पंधरा सुटतात. पण भाऊ मार्जिन कमी करतील, स्केल शंभरावरून सत्तरवर आणतील, तिथे एक ओळ लोंबतेय म्हणून अडुसष्ट करतील आणि अख्खा फॉर्म एका पानात बसवून मालकाकडे विजयी नजरेनं बघतील. मालक कॅलेंडरकडे बघतो.

गिऱ्हाईक कागद उजेडात धरतं, चष्मा वर-खाली करतं.

"अक्षर बारीक आलंय, भाऊ. तीन रुपये घ्या."