निळा सेट, लोकरीचा

अक्कलकोटात डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ‘मुलगा की मुलगी?’ गर्भलिंग सांगायला 1994 च्या कायद्याने बंदी आहे. पण आमच्या मावश्यांना पोटाचा आकार बघूनच कळतं, आणि दरवेळी मुलगाच कळतो. म्हणून सेट निळा. तोही लोकरीचा! टोपी, मोजे, स्वेटर. वैशाखात पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात हे बाळ नेमकं कुठल्या हिमालयात जन्मणार, ते विचारायचं नाही. सोबत दुधाची बाटली हवीच. तिची जाहिरात करायला कंपन्यांना 1992 च्या कायद्याने मनाई. आत्याबाईंना मात्र रान मोकळं. उरलेले पाहुणे स्वामींची तसबीर आणतात. घरात आधीच्या चार असतातच. जिचं डोहाळजेवण, तिला काय हवंय हे विचारणं बहुधा रीतीत बसत नसावं.

तेव्हा मंडळी, आहेर करायचाच असेल तर धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी शिवून द्या. आणि बाळंतपणानंतर अधूनमधून गरम भाकरी, शेपूच्या भाजीचा डबा पोचवा. बाळ कुणासारखं दिसतं यावर मत न देता परत या.