आधी ताट, मग मैदान

वर्गातलं सगळ्यात शांत मूल कोणतं, असं पहिली-दुसरीच्या कुठल्याही बाईंना विचारा. त्या ज्याच्याकडे बोट दाखवतील, त्याला आधी वजनकाट्यावर उभं करा.

पोटाला कमी पडलं की शरीर काटकसर करतं आणि पहिली कात्री खेळाला लावतं. हृदय थांबवता येत नाही, श्वास थांबवता येत नाही, म्हणून पळणं थांबतं. मूल एका जागी बसायला लागतं, भांडत नाही, भिंतीला टेकून राहतं. आपण प्रगतिपुस्तकात शेरा लिहितो, ‘शांत व गुणी’. त्या शेऱ्याच्या जागी ‘अर्धपोटी’ असं लिहायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. उंचीच्या मानाने हडकुळी होती २५.६ टक्के. त्या वेळची बहुतेक मुलं आज प्राथमिक शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. आकडे मात्र अजून अंगणवाडीच्याच फायलीत आहेत. सहा वर्षं पूर्ण झाली की कुपोषण संपतं, अशी आपल्या यंत्रणेची समजूत दिसते. अंगणवाडीत ताई दर महिन्याला वजन करतात, तक्त्यावर रेघ ओढतात, दंडघेर मोजतात. शाळेत आल्यावर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. मधल्या काळात उरतात ते प्रगतिपुस्तकातले उंची-वजनाचे दोन रकाने. ते खरा काटा आणून भरले की अंदाजाने, हे पालकांनी एकदा विचारून पाहावं.

पालघर जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका शाळेत मी खेळाचा तास पाहिला. मुलं लंगडी खेळत होती. पायरीवर एक मुलगा बसला होता, पुढ्यात सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या. राखणदार. गुडघे कोपरांइतके बारीक, शर्ट खांद्यावरून घसरलेला. पोरं त्याला ‘काडी पहिलवान’ म्हणत होती आणि तो हसत होता. त्याला का खेळवत नाही, असं मी सरांना विचारलं. ‘चक्कर येते त्याला. पडला-बिडला तर?’ सरांना खरंच काळजी होती. चांगला माणूस. पण त्या काळजीपोटी ते त्या पोराला वर्षानुवर्षं पायरीवर बसवणार, आणि पायरीवर बसून कुणाच्या मांड्या भरत नाहीत.

हे मनाचे मांडे नाहीत. ग्वाटेमालात मध्य अमेरिकेच्या पोषण संस्थेत बेंजामिन तोरून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांचे दोन गट केले. जेवण दोघांना सारखंच. एका गटाला मात्र रोज चढण्या-उतरण्याचे, हातपाय हलवण्याचे खेळ दिले. तो गट उंचीत पुढे गेला. हा अभ्यास १९७९ मध्ये छापून आला. स्नायू आणि हाड यांना अन्न लागतं आणि कामही लागतं. काम मिळालं नाही, तर खाल्लेल्यातलं पुष्कळसं चरबीत जातं.

चरबीची गोष्ट तर आपल्याला पुण्यानेच शिकवली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, स्नायू तर फारच कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला काडी, आतून चरबीकडे झुकलेली. अशा मुलाला नुसती साखर, बिस्किटं आणि भात घालून वजनाचा आकडा वाढवला, की पुढे मधुमेहाची वाट मोकळी होते. म्हणून ‘किलो वाढले’ एवढ्यावर समाधान मानू नका. काय वाढलं, ते पाहा. पोर दोरीवरच्या दहा उड्यांवरून वीसवर गेलं का, ते पाहा.

आता ताटाकडे वळू. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १७०० कॅलरींची. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त शाळेत, बाकीचं घरी. ज्याच्या घरी सकाळी कोरा चहा आणि रात्री पातळ आमटी-भात, त्याचा हिशोब कुठे जुळणार? दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले, की शाळेतली ती खिचडीही जाते.

आणि या ताटातूनही आपण काढून घेतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या बारांतली निम्मी. अंड्याच्या दिवशी पट भरतो, हे कुठल्याही खिचडीवाल्या ताई सांगतील. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा आणि नाचणीसत्त्वातल्या साखरेचा पैसा सरकारने थांबवला. हवं असेल तर लोकवर्गणीतून करा, असा निरोप आला. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर कसली लोकवर्गणी? ज्यांच्या पोरांना अंडं लागतं, त्यांच्याकडेच त्याची वर्गणी मागायची, हा निर्णय चूक आहे. तो मागे घ्या.

सकाळच्या नाश्त्याचंही तेच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत नाश्ता द्यावा, असं लिहिलं आहे. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ ला तो काही सरकारी प्राथमिक शाळांत सुरू केला आणि पुढच्याच वर्षी राज्यभर नेला. आपण अजून परिपाठात उपाशी मुलांकडून कवायत करून घेतो आणि एखादं घेरी येऊन पडलं, की ‘घरून खाऊन यायला काय होतं’ म्हणून रागावतो. उपाशीपोटी कवायत बंद करा. उशीर झाला म्हणून मैदानाला चकरा मारायला लावणं तर आजच बंद करा. आधी मूठभर शेंगदाणे-गूळ, नाही तर भिजवलेली मटकी किंवा चणे. मग अर्ध्या-पाऊण तासाने खेळ.

खेळाला काही महागडं लागत नाही. लंगडी घ्या: एका पायावर सगळ्या अंगाचा भार येतो, हाडाला हिसका बसतो आणि हाड त्यानेच घट्ट होतं. बेडूकउड्यांनी मांड्या कामाला लागतात. लगोरीत वाकणं, उठणं, फेकणं, पळणं सगळं आलं. खो-खोत उकिडवं बसून झटक्यात उठावं लागतं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीनदा तरी हाडं-स्नायूंना जोर देणारे खेळ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हडकुळ्या मुलाची सुरुवात पाच मिनिटांपासून करा. दम लागला की बसू द्या, पुन्हा उठवा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. त्याला जिंकायला लावू नका, खेळात ठेवा.

सरांची भीती सगळीच खोटी नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोन्ही पावलांवर सूज, अंगात ताप, खाण्यावरची वासना गेलेली, हाडांवर नुसती कातडी, अशा मुलाला मैदानात न्यायचं नाही. त्याला आरोग्य केंद्रात न्यायचं. ज्याला चार पावलांत धाप लागते, पापणी आतून पांढुरकी दिसते, त्याचं रक्त तपासा. लोहाची गुलाबी गोळी आणि जंताची गोळी शाळेत यायला हवी, आणि ती बाईंच्या समोर गिळली गेली पाहिजे, दप्तरात राहता कामा नये. ज्यांना खेळ झेपत नाही, अशी मुलं थोडी असतात. पायरीवर बसवलेली मात्र पुष्कळ.

खिचडी शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला तुटपुंजं मानधन मिळतं. कोण रात्री जेवलं नव्हतं, कोण दुसऱ्यांदा वाढून घेतं, कोण भावासाठी डब्यात लपवतं, हे त्यांना रोज दिसतं. खेळ घेणाऱ्या सरांना कोण कुठल्या उडीला थांबतं, ते दिसतं. या दोघांनी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एकत्र बसावं. त्यासाठी नव्या योजनेची किंवा कुणाच्या उद्घाटनाची गरज नाही.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीला रोजगार बुडवून का होईना, जा आणि विचारा: माझ्या पोराचं वजन आणि उंची कुठल्या तारखेला मोजली? अंड्याचा पैसा परत मागणारा ठराव कधी करायचा? आणि खेळाच्या तासाला कोण कोण बसून असतं, त्यांची नावं द्या. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.