नाकात अर्धा किलो शिसं

ज्यांनी अजून एकही विमान पाडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. पाडलेल्यांना ते लागत नाही. ते मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभे असतात आणि दुसऱ्यांना शिकवतात.

आधी विमान निवडा. शहाणा माणूस वर पंख असलेलं, हलकं, फोमचं शिकाऊ विमान घेतो. तुम्ही ते घेणार नाही, हे धरूनच पुढे जाऊ. तुम्हाला हवं आहे रिमोटवर उडणारं स्पिटफायर, तेही मूळ विमानाच्या एक पंचमांश आकाराचं : या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख सव्वादोन मीटर, वजन दहा किलोच्या आसपास, पुढे पेट्रोलचं इंजिन. घरी विचारलं तर सांगा की १९४७-४८च्या काश्मीरच्या लढाईत भारतीय हवाई दलानं स्पिटफायर वापरली होती. देशभक्तीपुढे कुणी बिल मागत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

मालेगावात अशा खुळाला हवा पोषक आहे. या गावानं ‘मालेगाव का सुपरमॅन’ हिरव्या पडद्यापुढे उडवला आणि त्याच्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. पण त्या सुपरमॅनला उतरावं लागलं नव्हतं, हे नवशिक्यानं ध्यानात ठेवावं. कॅमेरा बंद झाला की काम संपलं. इकडे महामार्गानं नाशिककडे निघालात तर वाटेत ओझर लागतं. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं तिथल्या एचएएलच्या कारखान्यात तयार झाली. ती उतरवायचीही असतात, म्हणून तिथे वजनाचा हिशेब ग्रॅम-ग्रॅमचा असतो. आपण सुपरमॅनच्या जिद्दीनं निघालेलो आहोत. हिशेब मात्र ओझरचा लागेल.

विमान जुळवून झालं, रंग लागला, पंखांवर गोल निशाण्या चिकटल्या, खोट्या मशिनगनच्या नळ्या बसल्या आणि कॉकपिटमध्ये मिशीवाला वैमानिकही बसला, की बहुतेक नवशिके थेट माळावर जातात. जाऊ नका. तोल पाहायचा राहिला आहे.

पंखाची सरासरी रुंदी या आकाराला साधारण ४० सेंटिमीटर भरते. तिच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटरवर, विमानाचा गुरुत्वमध्य यायला हवा. पंख टोकाकडे निमुळता असतो, म्हणून हे माप पंखाच्या मुळाशी पट्टी लावून घ्यायचं नसतं. नकाशावर तो बिंदू दाखवलेला असतो आणि नकाशा तुम्ही खोक्याबरोबर भंगारात दिलेला असतो. शोधून आणा. मग दोन्ही पंखांखाली त्या जागी बोट नव्हे, पक्का आधार द्या. दहा किलो आहेत. स्पिटफायरचे पंख खालच्या अंगाला असल्यानं ते उलटं करून तोलावं. सुलटं ठेवलं तर आधारावर ठरत नाही, कलंडतं. पेट्रोलची टाकी रिकामी हवी. टाकी पुढे असते, आणि उतरायच्या वेळी ती जवळपास रिकामीच झालेली असते.

आता दिसेल की शेपूट खाली जातंय. जाणारच. स्पिटफायरचं नाक मॉडेलवाल्याच्या दृष्टीनं आखूडच, आणि शेपूट लांब. त्यात तुम्ही शेपटीवर हौसेनं रंगाचे तीन हात दिलेत. गुरुत्वमध्यापासून शेपूट १२० सेंटिमीटर मागे आणि इंजिनाची भिंत ४० सेंटिमीटर पुढे, म्हणजे शेपटीकडे वाढलेल्या १०० ग्रॅमसाठी नाकात ३०० ग्रॅम घालावे लागतात. गुरुत्वमध्य २ सेंटिमीटर मागे असेल तर १० किलो गुणिले २ भागिले ४० : अर्धा किलो शिसं. हा आकडा ऐकून नवशिक्याचा चेहरा पडतो. इतके पैसे घालून हलकं लाकूड आणलं आणि वर अर्धा किलो शिसं? हो. महामार्गावरच्या टायरच्या दुकानात चाकाला चिकटवायची वजनं मिळतात, ती आणा. दुकानदार विचारेल गाडी कुठली. स्पिटफायर म्हणा. तो कुठल्या तरी नव्या मॉडेलची एसयूव्ही समजेल आणि भाव वाढवेल.

त्या आधी बॅटरी पुढे सरकवून पाहा, ते फुकट असतं. आणि शिसं नुसतं चिकटवू नका, बोल्टनं आवळा. इंजिनाच्या थरथरीत सुटलेलं शिसं सगळा हिशेब घेऊन मागे घरंगळतं.

मॉडेलवाल्यांत एक जुनी म्हण फिरते, की नाक जड असलं तर विमान रडतखडत उडतं, शेपूट जड असलं तर एकदाच उडतं. त्यामुळे संशय असेल तर माप पुढच्या बाजूला ठेवा. आडवा तोलही पाहा. पतंग एका अंगाला कलला तर हलक्या बाजूला चिंधी बांधायची, हे येवल्याच्या कुठल्याही पोराला कळतं. पंखाच्या टोकाला दोन ग्रॅम चिकटवणं म्हणजे तेच.

उड्डाणाबद्दल फार लिहीत नाही. इंजिनाच्या जोरावर ते बहुधा होऊन जातं. तुम्ही ‘उडालं, उडालं’ म्हणून ओरडता, बाकीचे मोबाइल वर धरतात, आणि तेवढ्यात पेट्रोल संपत येतं.

आता उतरायचं.

आधी जागा. एप्रिलात कांदा काढून झालेलं शेत लांबून टेबलासारखं सपाट दिसतं, पण वाफ्यांचे वरंबे तसेच असतात, आणि स्पिटफायरच्या दोन चाकांमधलं अंतर या आकारात जेमतेम ३५ सेंटिमीटर. मूळ विमानही याच अरुंद चालीसाठी प्रसिद्ध होतं. पहिल्या वरंब्याला ते कलतं, दुसऱ्याला पंख टेकवतं, तिसरा पाहायला मिळत नाही. मुरमाचं, दगड वेचलेलं माळरान पाहा. वाऱ्याची दिशा कळायला काठीला कापड बांधा. या गावात कापडाला तोटा नाही. उतरायचं नेहमी वाऱ्याकडे तोंड करून.

मग वेग. ढोबळ हिशेबानं दहा किलोचं हे विमान ताशी ४४ किलोमीटरच्या खाली आलं की पंख त्याला पेलत नाहीत. हा आकडा समुद्रकाठच्या थंड हवेतला. मालेगाव समुद्रसपाटीपासून चारशेवर मीटर उंच, आणि मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ वर गेला की हवा १३ टक्के विरळ होते. मग तोच आकडा ४७ वर जातो. त्यावर तीस टक्के राखीव ठेवा, म्हणजे ताशी साठच्या घरात यायचं आहे. नवशिका घाबरून हळू येतो. उंची कमी पडतेय असं वाटलं की काडी मागे ओढतो, नाक वर होतं, वेग आणखी पडतो, आणि एका बाजूचा पंख कुणी खेचल्यासारखा खाली जातो. इथे प्रेक्षकांतून ‘पडनं रे भो!’ असं ऐकू येतं. उंची हवी तर थ्रॉटल वाढवायचं. काडी ओढून मिळते ती पाच सेकंदांची उसनवारी.

विमान तुमच्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं. यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून घोकून ठेवा : जो पंख खाली दिसतोय, काडी त्याच बाजूला. जमिनीजवळ थोडं थ्रॉटल राहू द्या, पुढची दोन चाकं आधी टेकू द्या, आणि टेकल्यावरच इंजिन मंद करा. शेपूट आपलं आपण बसतं. जमिनीवर पळतानाही रडर सोडू नका, नाहीतर विमान जागच्या जागी गर्रकन फिरून आल्या वाटेला तोंड करतं. हे उतरण्यात धरत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदाची मॉडेल विमानंही येतात : वजन २५ किलोपर्यंत, आणि सतत नजरेच्या टप्प्यात. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपला माळ हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. तिथेही मर्यादा ४०० फुटांची. पोलीस ठाण्यात आधी कल्पना द्या, आणि ती देताना मशिनगनच्या नळ्या बरोबर नेऊ नका. संक्रांतीच्या आसपास घरी बसा. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण प्रोपेलरमध्ये गुंडाळल्यावर तो बंदीचा होता का नव्हता, याला अर्थ उरत नाही.

शेवटी तालुक्यातल्या शेतकरी बंधूंना एक विनंती. ज्यांच्याकडे दीडशे मीटर लांबीचं पडीक मुरमाड रान असेल आणि ते बैलं चारण्यापलीकडे काही कामाचं नसेल, त्यांनी उन्हाळ्यात सकाळी आठपर्यंत ते आम्हाला वापरू द्यावं. दगड आम्ही वेचू, आणि पडलेले तुकडेही आम्हीच गोळा करून नेऊ.