जानेवारीतला फोटो

एप्रिल लागला की पुण्यात स्कूटरवरून नुसते डोळे फिरायला लागतात. बाकी सगळं स्कार्फात. वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे आणि एवढा बंदोबस्त करून हेल्मेट मात्र डिकीत! डोकं फुटलं तर टाके घालता येतात, टॅनचं काय करणार?

आमची वहिनी सकाळी नऊला एसपीएफ ५०चं सनस्क्रीन लावते की संध्याकाळपर्यंत निर्धास्त. "दर दोन तासांनी लावायचं असतं," म्हटलं, तर म्हणाली, "भावजी, ट्यूब केवढ्याला येते माहितीये?" म्हणून लावायचं तेही हरभऱ्याएवढं. भरपूर थापलं, तर एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, ५० अडवतं ९८. भाव खातो तो हा एक टक्का.

तिकडे चंद्रपूरकर ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून निघतो. त्याला लू चुकवायची असते, आम्हाला सावळेपण.

२०२० साली 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. आमच्याकडेही सुधारणा पोचली. वहिनीच्या धाकट्या बहिणीच्या बायोडेटात 'गोरी' खोडून 'उजळ' केलंय. फोटो मात्र जानेवारीतला.